कॉम्प्युटरमधला व्हिडिओ टीव्हीवर: खर्च कुठे करायचा, कुठे टाळायचा

लग्नाचं शूटिंग फोटोग्राफरकडून येतं, मुंजीचे व्हिडिओ लॅपटॉपमध्ये पडून असतात, आणि सगळं घर जमल्यावर ते टीव्हीवर लावायला गेलं की तीनपैकी एक गोष्ट होते. टीव्हीला फाइल दिसतच नाही, किंवा दिसते पण चालत नाही, किंवा चित्र येतं आणि आवाज येत नाही. मग कोणीतरी नवा बॉक्स घ्यायला सांगतं. बहुतेक घरांत त्याची गरज नसते. या तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्हींवर घरच्याच कॉम्प्युटरवर, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने उपाय करता येतो. म्हणून आधी टीव्हीच्या मागे काय आहे ते पाहा, मग फाइलच्या आत काय आहे ते पाहा, आणि पाकीट त्यानंतर उघडा.

## टीव्हीच्या मागे काय आहे

टॉर्च घेऊन टीव्हीची मागची आणि बाजूची पट्टी नीट वाचा. यूएसबीचं पोर्ट असेल तर सगळ्यात स्वस्त रस्ता तोच, पेनड्राइव्हचा. मात्र पोर्टवर ‘सर्व्हिस’ असं लिहिलं असेल तर ते कंपनीच्या तंत्रज्ञासाठी आहे, त्यातून व्हिडिओ चालत नाही. एचडीएमआय असेल तर लॅपटॉप केबलने थेट जोडता येतो. नेटवर्कचं पोर्ट किंवा वायफाय असेल तर फाइल कॉम्प्युटरवरच ठेवून टीव्हीवर बघता येते. आणि फक्त पिवळी, पांढरी, लाल अशी तीन गोल भोकं असतील, म्हणजे जुना डबा टीव्ही असेल, तर त्याचीही सोय आहे. ती पुढे सांगितली आहे.

पुस्तिका हरवली असली तरी मॉडेल नंबर मागच्या स्टिकरवर असतो. कंपनीच्या वेबसाइटवर त्या नंबरची पुस्तिका शोधा आणि त्यात ‘सपोर्टेड व्हिडिओ फॉरमॅट्स’चा तक्ता बघा. टीव्ही कोणता पेनड्राइव्ह वाचतो, कोणता कोडेक (चित्र किंवा आवाज दाबून भरण्याची पद्धत) चालवतो, कमाल रेझोल्यूशन किती, सगळं तिथे असतं. ही पाच मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात.

## पेनड्राइव्ह: फाइल दिसतच नाही तेव्हा

पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केला आहे यावर सगळं अवलंबून असतं. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘फाइल सिस्टिम’समोर फॅट३२, एक्सफॅट किंवा एनटीएफएस असं लिहिलेलं दिसेल.

फॅट३२ जवळजवळ प्रत्येक टीव्ही वाचतो, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. पेनड्राइव्हवर ३० जीबी जागा मोकळी असतानाही कॉपी करताना ‘फाइल खूप मोठी आहे’ असा निरोप येतो तो यामुळे. हिशेब सोपा आहे. १० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट माहितीचा, व्हिडिओ तासाला साधारण ४.५ जीबी होतो, म्हणजे तासाभराचं लग्नही फॅट३२ मध्ये मावत नाही. एनटीएफएस आणि एक्सफॅटला ही अडचण नाही. जुने टीव्ही या दोघांपैकी बहुधा एनटीएफएस वाचतात, एक्सफॅट वाचत नाहीत. नवे बहुधा दोन्ही वाचतात. कॉम्प्युटर विंडोजचा असेल तर आधी एनटीएफएस करून बघा. मॅकवर मात्र एनटीएफएसमध्ये लिहिता येत नाही, तिथे एक्सफॅटच वापरावं लागतं.

फॉरमॅट करायचं तर आतल्या फाइली आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’, फाइल सिस्टिम निवडा, ‘क्विक फॉरमॅट’ची खूण तशीच ठेवा आणि ‘स्टार्ट’ दाबा. नाव दोनदा वाचा; चुकीच्या ड्राइव्हवर स्टार्ट दाबला तर आतलं सगळं जातं.

टीव्ही फक्त फॅट३२ वाचत असेल तर मोठ्या फाइलचे तुकडे करायचे. एमकेव्हीटूलनिक्स हे सॉफ्टवेअर घ्या, फाइल आत ओढा, ‘आउटपुट’ टॅबमध्ये ‘स्प्लिट मोड’ला ‘आफ्टर आउटपुट साइज’ निवडा आणि आकारात ३९०० एमबी द्या. चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही, कारण इथे फक्त कापणी होते, पुन्हा एनकोडिंग होत नाही, म्हणजे चित्र नव्याने दाबून भरलं जात नाही. तयार होणारे तुकडे एमकेव्हीचे असतात, तेव्हा टीव्ही एमकेव्ही चालवतो ना, हे आधी एका छोट्या फाइलवर पाहून घ्या.

आता एक महत्त्वाची गोष्ट, आणि ती घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. काही स्मार्ट टीव्हींना कार्यक्रम रेकॉर्ड करायची सोय असते. असा टीव्ही पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावल्यावर ‘हे उपकरण फॉरमॅट करायचं का?’ असं विचारतो. उत्तर नेहमी ‘नाही’. ‘हो’ म्हटलं की आतलं सगळं पुसलं जातं आणि टीव्ही ती डिस्क स्वतःच्या पद्धतीने बांधून घेतो. पुढे कॉम्प्युटरलाही ती वाचता येत नाही.

पोर्टेबल हार्डडिस्क लावल्यावर आतून टकटक आवाज येत असेल आणि टीव्हीला ती दिसत नसेल तर बहुधा वीज कमी पडते आहे. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर एवढाच करंट धरता येतो आणि फिरणारी डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते. टीव्हीवर ‘एचडीडी’ लिहिलेलं पोर्ट असेल तर ते वापरा, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला. डिस्क तशीच टकटकत ठेवू नका, तिच्या आयुष्यावर परिणाम होतो.

आणखी एक बारीक बाब. काही टीव्हींना देवनागरी फाइलनावं वाचता येत नाहीत. ‘प्राजक्ताचं लग्न’च्या जागी चौकोन दिसतात, क्वचित फाइल यादीतून गायबच होते. फाइलची नावं रोमन अक्षरांत, छोटी आणि खुणा-चिन्हांशिवाय ठेवा. क्रमाने बघायच्या फाइलींना पुढे ०१, ०२ असे दोन अंकी आकडे द्या (तेही कीबोर्डवरच्या साध्या अंकांत), नाहीतर १ नंतर १० लागते.

## फाइलच्या आत काय आहे

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही फक्त डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने. टीव्हीला या तिन्ही गोष्टी कळाव्या लागतात. एकाच नावाच्या दोन एमपी४ फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी नाही, त्याचं कारण हे.

आत काय आहे ते बघायला व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये फाइल चालू करा आणि ‘टूल्स’ मेनूतून ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा. जास्त तपशील हवा असेल तर मीडियाइन्फो हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर घ्या. चार ओळी पाहायच्या: चित्राचा कोडेक, बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक आहेत), रेझोल्यूशन आणि आवाजाचा कोडेक.

चित्रात एच.२६४, म्हणजेच एव्हीसी, ८ बिट आणि १९२०×१०८० असेल तर यूएसबीवरून व्हिडिओ दाखवणारे गेल्या दशकातले जवळजवळ सगळे टीव्ही ते चालवतात. एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, ४के टीव्ही चालवतात. जुने फुल एचडी टीव्ही सहसा नाही. आयफोनवर ‘हाय एफिशियन्सी’ चालू असेल तर शूटिंग एच.२६५ मध्ये होतं. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ केलं की पुढचं शूटिंग एच.२६४ मध्ये येईल. एच.२६४ असूनही मीडियाइन्फोमध्ये ‘हाय १०’ किंवा ‘१० बिट्स’ दिसलं तर टीव्हीवर काळा पडदा किंवा रंगीत चौकोन येतील. टीव्हीतली चिप एच.२६४ चं १० बिट रूप उलगडत नाही. कॅमेऱ्यातून थेट काढलेल्या काही कच्च्या फाइलींत ‘४:२:२’ (रंगाची माहिती जास्त ठेवणारी पद्धत) लिहिलेलं असतं, त्यांचंही तेच. टीव्हीचं जग ४:२:० चं आहे.

आवाजात एएसी, एमपी३ आणि एसी३ (डॉल्बी डिजिटल) सुरक्षित. डीटीएस असेल तर सावध राहा. त्याचा परवाना कंपनीला विकत घ्यावा लागतो आणि अनेक कंपन्यांनी तो सोडून दिला आहे. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून डीटीएस काढला. ‘आधीच्या टीव्हीवर चालत होतं, नव्यावर आवाज नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. लग्नाच्या शूटिंगमध्ये दुसरा एक सापळा असतो. सोनीच्या कॅमेऱ्यांच्या एक्सएव्हीसी-एस फाइली एमपी४ असतात, चित्र एच.२६४ असतं, पण आवाज न दाबलेल्या पीसीएममध्ये असतो. पुष्कळ टीव्ही एमपी४ मधला पीसीएम वाचत नाहीत, म्हणून वधूवर दिसतात आणि मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत.

फोटोग्राफरकडून अंतिम फाइल घेतानाच हे सांगून ठेवलं तर पुढचं बरंच काम वाचतं: ‘एमपी४, एच.२६४, ८ बिट, १९२०×१०८०, २५ फ्रेम, १२ ते १५ एमबीपीएस, आवाज एएसी स्टीरिओ.’ त्याच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही एका मिनिटाची निवड आहे. त्याशिवाय मोठी मूळ फाइलही मागून घ्या आणि वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा.

## आवाज येत नाही: फक्त आवाज बदला

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. चित्र ठीक चालत असताना लोक अख्खा व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावतात, रात्रभर लॅपटॉप तापतो आणि सकाळी चित्र आधीपेक्षा खराब झालेलं असतं. चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलता येतो, तोही काही मिनिटांत.

एव्हीडीमक्स हे फुकट सॉफ्टवेअर घ्या; विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. फाइल उघडल्यावर डाव्या बाजूला एकाखाली एक तीन खाने दिसतात.

पहिला ‘व्हिडिओ आउटपुट’. तो ‘कॉपी’वरच ठेवा. सगळी गंमत इथेच आहे: ‘कॉपी’ म्हणजे चित्र जसंच्या तसं उचललं जातं.

दुसरा ‘ऑडिओ आउटपुट’. इथे ‘कॉपी’ऐवजी ‘एएसी (एलएव्ही)’ निवडा. त्याखालच्या ‘कॉन्फिगर’मध्ये बिटरेट १९२ द्या. मूळ आवाज सहा चॅनेलचा असेल आणि तुमचा टीव्ही स्वतःच्या दोन स्पीकरवर चालत असेल, तर ‘फिल्टर्स’ उघडून ‘मिक्सर’ला ‘स्टीरिओ’ करा. हे केलं नाही तर काही टीव्हींवर संगीत मोठं आणि बोलणं बारीक ऐकू येतं, कारण बोलणं मधल्या चॅनेलमध्ये असतं. घरी सहा स्पीकरची सिस्टिम असेल तर ‘एसी३’ निवडा, बिटरेट ४४८ द्या आणि मिक्सरला हात लावू नका.

तिसरा ‘आउटपुट फॉरमॅट’. ‘एमपी४ मक्सर’ ठेवा. मूळ फाइल एमकेव्ही असेल आणि टीव्ही एमकेव्ही वाचत असेल तर ‘एमकेव्ही मक्सर’ही चालेल. नंतर ‘फाइल’ मेनूतून ‘सेव्ह’, आणि नवीन नाव द्या. मूळ फाइलवरच सेव्ह करू नका.

मूळ आवाज टीव्हीला चालतो पण एमकेव्हीचा डबाच कळत नाही, असं असेल तर ऑडिओही ‘कॉपी’वर ठेवा आणि फक्त डबा बदला. तेव्हा तर काम जवळजवळ फाइल कॉपी करण्याइतक्याच वेळात होतं.

पूर्ण तासाची फाइल करण्याआधी एक मिनिटाचा तुकडा करून टीव्हीवर लावून बघा. एव्हीडीमक्समध्ये ‘ए’ आणि ‘बी’ खुणा लावल्या की तेवढाच भाग सेव्ह होतो. ही सवय कोणत्याही कन्व्हर्जनला लावून घ्या.

टीव्ही अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही प्रकारचा असेल तर एवढंही करायला नको. प्ले स्टोअरवरून टीव्हीवर व्हीएलसी टाका आणि पेनड्राइव्हमधली फाइल त्यातूनच उघडा. टीव्हीचा स्वतःचा प्लेअर जो डीटीएस नाकारतो तो व्हीएलसी सॉफ्टवेअरने उलगडून स्टीरिओ करून देतं. आवाज तरीही आला नाही तर व्हीएलसीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) बंद आहे ना ते पाहा. सॅमसंगच्या टायझनवर किंवा एलजीच्या वेबओएसवर हा मार्ग नाही. तिथे एव्हीडीमक्स किंवा पुढे दिलेला वायफायचा उपाय.

## चित्रच चालत नाही तेव्हा

एच.२६५, १० बिट, ४:२:२ किंवा ४के फाइल जुन्या टीव्हीवर लावायची असेल तर चित्र नव्याने एनकोड करावंच लागतं. त्यासाठी हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर. फाइल आत ओढा, प्रीसेट ‘फास्ट १०८०पी३०’ घ्या. ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये एनकोडर ‘एच.२६४ (एक्स२६४)’, प्रोफाइल ‘हाय’, लेव्हल ‘४.१’ करा. लेव्हल विसरू नका. फुल एचडी टीव्हींच्या चिपची मर्यादा तीच असते आणि ५.१ लेव्हलची फाइल त्या अडखळत चालवतात किंवा नाकारतात. दर्जाचा आरएफ आकडा २० ते २२ मध्ये ठेवा. हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १६-१७ वर नेऊन डोळ्यांना फरक दिसत नाही, फक्त पेनड्राइव्ह भरतो. फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ आणि ‘कॉन्स्टंट’ करा. मोबाइलचं शूटिंग बदलत्या फ्रेमरेटचं असतं आणि काही टीव्हींवर त्यामुळे ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात.

जुन्या दोन कोअरच्या लॅपटॉपवर एका तासाच्या व्हिडिओला काही तास लागू शकतात. हँडब्रेकच्या एनकोडर यादीत ‘क्यूएसव्ही’ किंवा ‘एनव्हीएनसी’ दिसत असेल तर कॉम्प्युटरची ग्राफिक्स चिप ते काम खूप लवकर करते. तेवढ्याच दर्जाला फाइल मात्र थोडी मोठी होते. घाई असेल तर घ्या.

२० वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या डीव्हीडीसाठी दोन सूचना. एक, आतल्या एकेका व्हीओबी फाइलऐवजी हँडब्रेकमध्ये ‘व्हिडिओ_टीएस’ हा अख्खा फोल्डर उघडा, म्हणजे एक-एक जीबीचे तुकडे आपोआप जोडले जातात. दुसरं, त्या काळचं शूटिंग इंटरलेस्ड असतं, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. नुसतं कन्व्हर्ट केलं तर हलणाऱ्या माणसांच्या कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा येतात. ‘फिल्टर्स’ टॅबमध्ये ‘डीइंटरलेस’ला ‘यादिफ’ आणि प्रीसेट ‘बॉब’ निवडा, फ्रेमरेट ५० द्या. नाच आणि वरात मूळइतकी सुळसुळीत दिसते. ७२०×५७६ चं चित्र १०८० करत बसू नका. ते मोठं टीव्ही स्वतःच करतो, फाइल उगाच फुगते.

## मराठी सबटायटल

सबटायटलचा मजकूर असलेल्या एसआरटी फाइलचं नाव व्हिडिओच्या नावाशी अक्षरशः सारखं ठेवून ती त्याच फोल्डरमध्ये ठेवली की टीव्ही उचलतो. मराठी मजकूर असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये एनकोडिंग यूटीएफ-८ करा. एएनएसआय राहिलं तर प्रश्नचिन्हं दिसतात. यूटीएफ-८ करूनही चौकोन दिसत असतील, किंवा जोडाक्षरं फुटून पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागत असेल, तर दोष फाइलचा नाही. टीव्हीत देवनागरी नीट मांडणारी व्यवस्थाच नाही. मग हँडब्रेकच्या ‘सबटायटल्स’ टॅबमधून एसआरटी आत घ्या, एनकोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि ‘बर्न इन’ची खूण करा. अक्षरं चित्रातच उमटतात आणि कुठल्याही टीव्हीवर बरोबर दिसतात. ती पुढे काढता येत नाहीत, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा.

## एचडीएमआय केबल

फाइल बदलायचीच नसेल तर लॅपटॉप टीव्हीला जोडा. कॉम्प्युटरवर जे चालतं ते सगळं टीव्हीवर चालतं. दीड ते तीन मीटरची साधी केबल पुरते. सोन्याचा मुलामा असलेल्या महाग केबलने चित्र सुधारत नाही, सिग्नल डिजिटल आहे. फुल एचडीला कोणतीही चांगली केबल चालते. ४के ६० हर्ट्झ हवं असेल तर १८ जीबीपीएस किंवा ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं लिहिलेली घ्या.

जोडताना लॅपटॉपचा चार्जर आणि टीव्ही, दोन्हींचे प्लग भिंतीतून काढलेले असू द्या. घरात अर्थिंग नीट नसेल तर अडॅप्टरमधल्या फिल्टरमुळे लॅपटॉपच्या धातूच्या भागावर गळतीची वीज येते, हाताला मुंग्या येतात ते त्यामुळेच. डिशची किंवा केबलवाल्याची वायर टीव्हीला विजेच्या वेगळ्याच पातळीवर धरून ठेवते. दोन्ही चालू असताना प्लग खुपसला की हा फरक एचडीएमआयच्या नाजूक पिनांतून वाहतो आणि पोर्ट जळू शकतं. पावसाळ्यात विजा चमकत असताना तर डिशची वायरही काढून ठेवा.

जोडल्यावर रिमोटने टीव्हीचा इनपुट बरोबर एचडीएमआय क्रमांकावर न्या, कीबोर्डवर विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. दुसरा पर्याय बरा, टीव्हीला त्याचं पूर्ण रेझोल्यूशन मिळतं. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हावरून टीव्हीचं नाव निवडा. व्हीएलसी आधीच उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडा.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर तो ओव्हरस्कॅन आहे. उपाय टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये: ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’, कंपनीप्रमाणे नाव वेगळं. आणि कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा चित्र हलके झटके खात असेल तर रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो, ते बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे फोटोग्राफर २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करतात, आणि लॅपटॉप टीव्हीला ६० हर्ट्झ देतो. २५ ने ६० ला भाग जात नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन टीव्हीचा दर ५० करा, झटके थांबतात. हा बदल फुकट आहे आणि फार थोडे लोक करतात.

लॅपटॉपला एचडीएमआयऐवजी टाइप-सी असेल तर अडॅप्टर घेण्याआधी त्या पोर्टमधून चित्र बाहेर येतं का ते कंपनीच्या माहितीत तपासा. दिसायला सारखी असली तरी सगळी टाइप-सी पोर्ट चित्र देत नाहीत. जुन्या डेस्कटॉपला फक्त व्हीजीए असेल तर साधी वायर चालत नाही. व्हीजीएचा अ‍ॅनालॉग सिग्नल डिजिटल करणारा, यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो आणि आवाजासाठी त्याला ३.५ मिमीची पिन वेगळी जोडावी लागते.

## डबा टीव्ही

इथे ‘एचडीएमआय ते एव्ही’ कन्व्हर्टर घ्यायचा: छोटी डबी, एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला तीन गोल भोकं, आणि ५ व्होल्टचं यूएसबी पॉवरचं भोक. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेली नुसती वायर बाजारात याहून स्वस्त मिळते. ती घेऊ नका. तिच्यात सिग्नल बदलणारी चिपच नसते, त्यामुळे लॅपटॉपवरून कधीच चित्र येत नाही. विकत घेताना ‘एव्ही ते एचडीएमआय’ अशी उलट्या दिशेची डबीही हातात येऊ शकते. ‘एचडीएमआय इन’ लिहिलेलं आहे ना ते वाचा.

डबीच्या बाजूच्या स्विचवर पाल, म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, निवडा. एनटीएससीवर असेल तर काही टीव्हींवर चित्र काळं-पांढरं किंवा वर सरकत जाणारं दिसतं. पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी लावा. माणसं उंच आणि बारीक दिसत असतील तर लॅपटॉपचं रेझोल्यूशन १०२४×७६८ करा, म्हणजे डबीला ४:३ चं चित्र मिळतं आणि चेहरे पूर्ववत होतात. अक्षरं मात्र वाचण्याजोगी येणार नाहीत, ती या टीव्हीची मर्यादा आहे.

त्याआधी घरातला सेट टॉप बॉक्स आणि अडगळीतला डीव्हीडी प्लेअर तपासा. फ्री टू एअरच्या अनेक बॉक्सना यूएसबी पोर्ट असतं आणि त्यातून व्हिडिओ चालतो, मग खर्च शून्य. डीव्हीडी प्लेअरचं यूएसबी पोर्ट सहसा फक्त फॅट३२ आणि एव्हीआय समजतं. एव्हीडीमक्समध्ये व्हिडिओ ‘एमपेग४ एएसपी (एक्सव्हीआयडी)’, आवाज ‘एमपी३’, डबा ‘एव्हीआय मक्सर’ निवडा. रिसाइझ फिल्टरने चित्र ६४०×३६० करा, बिटरेट १५०० ठेवा आणि क्यूपेल व जीएमसी हे दोन पर्याय बंद ठेवा. हे दोन चालू असले की प्लेअर फाइल नाकारतो.

## वायफायवरून

पेनड्राइव्ह सारखा काढायचा-घालायचा कंटाळा येत असेल आणि टीव्ही स्मार्ट असेल तर फाइली कॉम्प्युटरवरच राहू द्या. सॅमसंग, एलजी आणि इतर बहुतेक स्मार्ट टीव्हींना डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरून व्हिडिओ देण्या-घेण्याची पद्धत) समजतं. कॉम्प्युटरवर युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर हे सॉफ्टवेअर टाका, व्हिडिओचा फोल्डर त्यात निवडा, विंडोज फायरवॉलने विचारल्यावर प्रायव्हेट नेटवर्कसाठी परवानगी द्या. थोड्या वेळात टीव्हीच्या इनपुटच्या यादीत कॉम्प्युटरचं नाव येतं. टीव्हीला न कळणारा आवाज किंवा चित्र हा सर्व्हर चालता चालता बदलून देतो, म्हणून टायझन-वेबओएसवाल्यांना डीटीएससाठी हाच मार्ग सोयीचा. एच.२६५ चालता चालता बदलायला मात्र कॉम्प्युटर दमदार हवा.

अँड्रॉइड टीव्हीवर याहून हलकं काम होतं. विंडोजमध्ये फोल्डर शेअर करा आणि टीव्हीवरच्या व्हीएलसीमध्ये ‘ब्राउझिंग’मधून लोकल नेटवर्क उघडा. नाव आणि पासवर्ड विचारला की लोक कॉम्प्युटरचा पिन टाकतात आणि तो चुकतो. इथे पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. विंडोजमध्ये पासवर्ड असलेलं एक वेगळं लोकल खातं उघडून फोल्डर त्यालाच शेअर करणं सगळ्यात सुटसुटीत.

कॉम्प्युटर यादीत दिसतच नसेल तर तीन गोष्टी बघा. दोन्ही एकाच राउटरवर आहेत ना. राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. विंडोजमध्ये नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. तिसरं, कॉम्प्युटर झोपला आहे का. पॉवर सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा. लॅपटॉपचं झाकण बंद केल्यावर तो झोपू नये, ही सेटिंग वेगळी असते.

व्हिडिओ थांबत-थांबत चालत असेल तर दोष बहुधा २.४ गिगाहर्ट्झचा. इमारतीत शेजाऱ्यांची दहा वायफाय त्याच पट्ट्यात असतात. फुल एचडीचे १० एमबीपीएस त्यात निभावतात, मोबाइलच्या ४के शूटिंगचे ४०-५० एमबीपीएस निभावत नाहीत. टीव्ही आणि कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झवर न्या, निदान त्यांपैकी एकाला राउटरपासून नेटवर्कची वायर टाका. कॉम्प्युटरला वायर टाकली तरी हवेतली निम्मी वर्दळ कमी होते, कारण एरवी प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते: कॉम्प्युटरकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे.

टीव्ही स्मार्ट नाही, पण एचडीएमआय आहे आणि केबल नको, एवढ्याच परिस्थितीत स्ट्रीमिंग स्टिकवर (टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायचं, वायफाय असलेलं छोटं उपकरण) पैसे घालण्यात अर्थ आहे. घेण्याआधी तिच्यावर व्हीएलसी टाकता येतं का आणि ती ५ गिगाहर्ट्झ वायफाय पकडते का, या दोन गोष्टींची खात्री करा. वीज टीव्हीच्या यूएसबीमधून न घेता तिच्यासोबत आलेल्या अडॅप्टरमधूनच द्या. टीव्हीच्या पोर्टमधला करंट कमी पडला की स्टिक व्हिडिओच्या मध्येच रीस्टार्ट होते.